मेनाचा वाटाड्या

हिंटरआउमध्ये मूल चालायला लागलं की पुढच्या हिवाळ्यात ते स्कीवर उभं राहतं, आणि अशा ढीगभर पोरांतलं एखादं मोठेपणी गावाचं नाव काढतं. गावातल्या ‘हरीण’ खाणावळीत शेगडीच्या वरच्या भिंतीवर अशा नाव काढणाऱ्यांचे शर्यतीत छातीवर लावायचे नंबर काचेच्या चौकटीत टांगलेले होते. रोमेद श्पिसचा नंबर तिथे नव्हता. ‘खरं तर हवा होता,’ असं बिअरचा दुसरा पेला झाला की कुणी ना कुणी म्हणायचंच, आणि नंबर नसण्यापेक्षा ते म्हणणंच त्याला जास्त बोचायचं. विशीत तो देशाच्या दुसऱ्या फळीत होता. एका सकाळी कडक बर्फावर गुडघा उलटा फिरला आणि पहिल्या फळीचं दार बंद झालं. तिशीला आला तेव्हा तो पाहुण्यांच्या पोरांना स्कीची टोकं जुळवून थांबायचं कसं ते शिकवत होता, आणि उन्हाळ्यात रस्तेदुरुस्तीच्या टोळीबरोबर डांबर ओतत होता.

त्याच वर्षी बर्फ पडायच्या आधी आग्नेस गस्टराइन ताटभर आलुबुखाराचा केक घेऊन त्याच्या दारात उभी राहिली. गावाच्या वरच्या अंगाला गस्टराइनांचा गोठा आणि घर. त्यांची धाकटी फिलोमेना, म्हणजे गावाची मेना, तेव्हा सोळाची होती. लहानपणी तिच्या डोळ्यांत मधोमध धुकं धरायला लागलं आणि वाढत वाढत त्याने सगळा मधला भाग गिळला. कडेकडेने थोडा उजेड आणि रंग तेवढे उरले. समोरच्या माणसाचा चेहरा तिला दिसायचा नाही, पण त्याच्या बाजूने गाडी गेली तर ती लाल होती एवढं कळायचं. तिच्या बापाने, आलोइसने, तिच्या स्की कोठारात कुलपात ठेवल्या होत्या. ते कुलूप तिने दोनदा तोडलं होतं.

“तिला शिकवायचं काही नाही रे,” आग्नेस म्हणाली. “शिकलेलीच आहे ती. तू फक्त पुढे जा. ती मागून येईल.”

“आणि आपटली तर?”

“घरीही आपटतेच की. परवा दुधाच्या बादलीत पाय घालून बसली.”

रोमेदच्या तोंडात तोवर केकचा घास गेला होता. नाही म्हणायची वेळ निघून गेली. मग कोठाराचं कुलूप उघडायला आलोइसशी आठ दिवस भांडणंही त्याच्याच वाट्याला आलं.

त्याने मेनाला न्यायला सुरुवात केली ती पहाटे, पाहुणे उठायच्या आत, आणि तीही मागच्या उतारावर, जिथे वर नेणारी जुनी केबल बंद पडली होती आणि चढण पायी चढावी लागे. सातआठ दिवस मेना गुमान चढली. मग एकदा मध्येच थांबून म्हणाली, “आपण इकडेच का येतो?”

“इकडे गर्दी नसते.”

“इकडे बघणारं कोणी नसतं, असं म्हण ना.”

रोमेदच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बरं झालं हिला दिसत नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि ते आल्याचीही त्याला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तो तिला मोठ्या उतारावर घेऊन गेला, पण टोपी कपाळावर खाली ओढून.

सुरुवातीला तो पुढून ओरडायचा, “खड्डा आहे! डावीकडे झाड!” मेना पडायची, उठायची, पुन्हा पडायची. शेवटी एकदा ती बर्फात बसकण मारून म्हणाली, “काय आहे ते सांगत बसू नकोस. मी ऐकेपर्यंत ते मागे गेलेलं असतं. तू काय करतोयस ते सांग. तू वळलास की मी वळते.” तिथून त्यांची भाषा ठरली. वळताना ‘हॉप’. लांब वळणाला ‘लांऽब’. खाली कडक बर्फ असला की ‘दाब’. त्याच्या अंगात भडक नारिंगी बंडी असायची. डोळ्याच्या कडेला ती नारिंगी डाग धरून ठेवायची आणि कानाने उरलेलं सगळं. पुढे हेल्मेटमध्ये बसणारे रेडिओ आले आणि ओरडून घसा बसायचा थांबला.

दोन हिवाळ्यांत मेना देशात पहिली आली. आणखी दोन हिवाळ्यांत ती जगात पहिली आली. अंध खेळाडूंच्या शर्यतीत वाटाड्याने पुढे असायचं, खेळाडूने मागे. दोघंही शेवटच्या रेषेपलीकडे गेली की शर्यत पुरी. खेळाडू वाटाड्याच्या पुढे गेला तर बाद. चौथऱ्यावर मात्र दोघांनाही चढवतात आणि दोघांच्याही गळ्यात पदक घालतात. राष्ट्रगीत चालू असताना रोमेद बुटांकडे बघत उभा होता. देशासाठी पदक घ्यायचं त्याचं लहानपणापासूनचं स्वप्न होतं, पण स्वप्नात तो एकटा होता.

गावात बँड वाजला, अग्निशमन दलाच्या गाडीवरून दोघांची मिरवणूक निघाली. संध्याकाळी रोमेद ‘हरीण’मध्ये शिरला तसा पोस्टमन कास्पर ओरडला, “आला रे आला, आंधळीचा कुत्रा! अरे, हल्ली कुत्र्यालाही पदक देतात म्हणे?”

सगळे हसले. रोमेदही हसला. नुसतं हसून भागलं असतं, पण त्याच्या जिभेला कोण आवरणार! “द्यायलाच पाहिजे,” तो म्हणाला. “आणि हाडूकही बरं मिळतं.”

हशा ओसरला तेव्हा त्याला शेगडीमागच्या कोपऱ्यात आग्नेस दिसली. तिच्या शेजारी मेना बसली होती, समोर लिंबूपाणी, गळ्यात अजून पदक. आग्नेसने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि लेकीच्या खांद्यावर शाल नीट केली. मेनाने ग्लास उचलला, एक घोट घेतला, खाली ठेवला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं रोमेदला झालं.

दुसऱ्या दिवशी केबलच्या पाळण्यात दोघंच होती. खांबामागून खांब मागे गेले. निम्म्या वाटेवर मेना म्हणाली, “हाड कुणाचं रे? माझं?”

“मेना, मी आपलं सहज...”

“चांगला होता विनोद. फक्त तो कास्परने करायचा होता.”

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. रोमेदने त्यानंतर टोपी कपाळावर ओढणं सोडलं.

वर्षं अशी गेली की हिवाळा तेवढा लक्षात राहायचा. मेना मोठ्या घसरंडीवर जिंकली, रोवलेल्या दांड्यांमधून वळत जायच्या अरुंद शर्यतीत जिंकली, एका वर्षी ताप अंगात घेऊन जिंकली. ती मोठी झाली, गोठ्यात चीज करायला शिकली, एका सुताराशी लग्न ठरवलं आणि मोडलंही. “तो मला हात धरून संडासापर्यंत नेतो रे,” ती रोमेदला म्हणाली, “मी माझ्या घरात हरवेन अशी त्याला भीती.” खाणावळवाल्याने तिचा नंबर शेगडीच्या वर लावला आणि खाली पितळेच्या पट्टीवर दोघांची नावं कोरली. रोमेद आता बरोबर त्या चौकटीखालच्या बाकावर बसायला लागला. परक्या माणसाने विचारलं की म्हणायचा, “मी काढली ती पोरगी. बापाने कुलपात ठेवलं होतं.” पूर्वी ज्याची लाज वाटायची तेच तो आता मिरवत होता, आणि यात काही वावगं आहे असं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

चाळिशी उलटली तसा गुडघा बोलायला लागला. हिवाळ्याच्या तोंडाशी सुई, मध्यावर पुन्हा सुई. तो वळणं थोडी रुंद घ्यायला लागला, कडक बर्फावर थोडा जास्त दाब द्यायला लागला. त्याच सुमारास त्याच्या मागून एक आवाज येऊ लागला, खर्रऽ, खर्रऽ, बर्फ खरवडल्याचा. मेना मागे स्की आडव्या करून वेग मारत होती, म्हणजे कमी करत होती. आदल्या वर्षी ती एकदा जोरात पडली होती, त्याची भीती बसली असणार, असं त्याने धरलं. निकालही तसेच यायला लागले. आधी दुसरी, मग तिसरी. इटलीची एक जोडी पुढे गेली.

एका शर्यतीनंतर प्रादेशिक वाहिनीच्या बाईने माईक पुढे केला. मेना शेजारीच होती, स्कीचे पट्टे सोडवत.

“पडल्यापासून जरा बिचकते ती,” रोमेद म्हणाला. “मी पुढून ओढतो हो, पण मागून यायला तर हवं ना.”

मेनाने पट्टा सोडवला, स्की खांद्यावर घेतल्या. “हो,” ती म्हणाली. “बिचकते मी.”

त्याच्या पुढच्या शरदात संघ हिमनदीवर सरावाला गेला. रोमेदला गुडघ्यासाठी खाली डॉक्टरकडे जायचं होतं. प्रशिक्षक फाल्कनर म्हणाला, “आजचा दिवस युडिट पुढे जाईल. हात मोकळा होईल तिचाही.” युडिट पलीकडच्या प्रांतातली, पंचविशीची. शर्यती सोडून मालिश आणि व्यायामाचं शिक्षण घेत होती. डॉक्टरचं लवकर आटपलं. रोमेद दुपारच्या आत परत वर आला आणि बूट न बदलता उताराच्या कडेला, जाळीपाशी उभा राहिला.

वरून नारिंगी बंडी आली. मागून मेना.

इतक्या वर्षांत त्याने मेनाला स्की करताना कधी पाहिलंच नव्हतं. तो नेहमी पुढे असायचा. मान वळवून पाठीमागचं टिपलेलं हेल्मेट, एखादा हात, एवढंच त्याच्या वाट्याला यायचं. आता ती त्याच्या समोरून, आडव्या अंगाने, वरपासून खालपर्यंत गेली. गुडघे छातीशी, खांदे स्थिर, एका वळणातून दुसऱ्यात पाणी उतरावं तशी. तो बिचकण्याची वाट बघत राहिला. बिचकणं आलंच नाही. तिच्या स्कींचा आवाज म्हणजे कापड फाडल्यासारखा एक सलग, बारीक आवाज. खरवडणं कुठेच नाही.

दुसऱ्या खेपेला युडिट आणखी जोरात आली. मेना तिला चिकटून.

रोमेदला सगळं कळलं, आणि कळलं तेही एकदम, तोंडात मारल्यासारखं. ती भीतीने वेग मारत नव्हती. तो पुढे होता म्हणून मारत होती. नाहीतर त्याला ओलांडून गेली असती आणि दोघंही बाद झाली असती.

तो तसाच खाली गेला. संध्याकाळी सराव-घराच्या जेवणघरात सूप वाढायच्या आधी त्याने तिला गाठलं.

“किती दिवस चाललंय हे?”

मेनाने विचारलं नाही कशाबद्दल ते. “तिसरा हिवाळा.”

“आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?”

“काय सांगू? रोमेद, तू म्हातारा झालास?”

“फाल्कनरला माहीत आहे?”

ती गप्प राहिली. म्हणजे माहीत होतं. म्हणजे चित्रफितीत सगळ्या संघाने बघितलं होतं. मालिशवाल्याने, स्कींना मेण लावणाऱ्याने, त्या कालच्या पोरीनेही. आणि तो मात्र माईकपुढे छाती काढून बोलत होता, ‘मी पुढून ओढतो’.

“मीच त्यांना सांगितलं होतं, बोलू नका,” मेना म्हणाली. “तुझ्या आवाजाची मला सवय आहे. तुझ्या आवाजामागे मी डोळे मिटून जाते.”

आता या वाक्याला माणसाने काय उत्तर द्यावं? रोमेदने दिलेलं उत्तर असं होतं : “मी नसतो ना, तर अजून बापाच्या गोठ्यात शेण काढत असतीस.”

शब्द तोंडातून निघाले आणि त्याला वाटलं, हात घालून परत ओढावेत. मेना उठली, हाताने टेबलाची कड चाचपत दारापर्यंत गेली. “शेण मी अजूनही काढते,” ती दारातून म्हणाली. “शनिवारी.”

पुढे वाटाड्या कोण, ही निवड फाल्कनरने मेनावर सोडली. मेनाने रोमेदवर सोडली. “तू म्हणशील तसं,” ती म्हणाली. एक शब्द बोलायचा होता. तो त्याच्या तोंडी रोज सकाळी यायचा, आणि रोज तो कॉफीबरोबर गिळायचा. बायको ट्राउडी विचारायची, “गुडघा दुखतोय का? चेहरा का असा?” तो म्हणायचा, “थंडी.” असे करता करता डिसेंबर उजाडला आणि मोसमातल्या पहिल्या मोठ्या शर्यतीला नारिंगी बंडी घालून तोच वर उभा राहिला. मेना त्याच्या मागे. काठ्या रोवताना तिने एक लांब श्वास घेतला, तो त्याला कानातल्या रेडिओतून ऐकू आला.

आज दाखवतो, असं त्याने मनाशी घेतलं होतं. कुणाला दाखवायचं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पहिल्या दांडीपासून तो असा सुटला की विशीतही सुटला नसेल. मागून खरवडण्याचा आवाज नव्हता. हॉप. हॉप. लांऽब. वारं कानात भरलं, आणि खरंच, अर्ध्या उतारापर्यंत त्याला वाटलं की जमलं. मग खाली निळसर कडक बर्फाचा पट्टा आला. ‘दाब’ म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि गुडघ्याने साथ सोडली. तो पाठीवर पडला, फिरला आणि जाळीत गेला.

मेनाला आवाज ऐकू आला तो फक्त त्याच्या कण्हण्याचा. नारिंगी डाग नाहीसा झालेला. तेवढ्या वेगात, काही न दिसता, तिने एकच करता येण्यासारखं होतं ते केलं, अंग बाजूला झोकून दिलं. दांड्यांच्या मुळाशी आपटून तिचं खांदा आणि गळा यांच्यामधलं हाड मोडलं.

रोमेदला फक्त खरचटलं होतं.

दोन दिवसांनी तो घरी जेवत होता. ट्राउडीने पालकाचे गोळे केले होते, वर वितळलेलं लोणी. खिडकीत रेडिओ चालू. बातम्यांनंतर इस्पितळातून मेनाचा आवाज आला. “माझी चूक झाली,” मेना सांगत होती. “माझी दांडी चुकली. मी आधी पडले, तो मला बघायला वळला आणि त्यात पडला. रोमेदचा काही दोष नाही.”

ट्राउडीने चमचा खाली ठेवला. “असं झालं?”

रोमेदने गोळ्याचा तुकडा तोडला आणि तोंडात घातला. तो चावत राहिला. ट्राउडी त्याच्याकडे बघत होती, लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई जशी बघते तशी. तिने पुन्हा विचारलं नाही. फक्त त्याच्या पुढ्यातली ताटली उचलली आणि मोरीत नेऊन ठेवली, अर्धी भरलेली.

मेना घरी आल्याचं कळलं त्या सकाळी तो गस्टराइनांकडे चढून गेला. आलोइस अंगणात लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड ठोकळ्यात रुतवली. म्हातारा फार बोलणारा नव्हता. “मी कुलूप लावलं होतं तेव्हा,” तो म्हणाला, “तू माझ्याशी आठ दिवस भांडला होतास. आठवतं?” एवढंच म्हणून त्याने दाराकडे बोट केलं.

मेना चीजच्या खोलीत होती. एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्याने फळीवरच्या चीजच्या गोल चाकांवर मिठाचं पाणी चोळत होती.

“मी पडलो,” रोमेद दारातूनच म्हणाला. “आधी मी पडलो.”

“माहीत आहे. मी मागेच होते.”

“मग खोटं का बोललीस?”

तिने फडकं पिळलं. “ते राहू दे. तू कशाला आलास ते सांग.”

“युडिटला घे,” तो म्हणाला. इतके आठवडे गिळलेला शब्द निघाला तो असा, घोगरा. “मार्चमध्ये जागतिक शर्यत आहे. तोवर हाड जुळेल. मी आता नाही.”

मेनाने फडकं पुढच्या चाकावर फिरवलं. “ती फार बडबडते रे,” ती म्हणाली. “झाड आहे, खड्डा आहे, सूर्य आला, ढग आला. माझं डोकं उठतं. तिला तू शिकव.”

ही शिक्षा आहे की मान, ते त्याला कळेना. तो “हो” म्हणाला.

त्या रविवारी ‘हरीण’मध्ये त्याने चौकटीखाली न बसता उभ्यानेच सांगितलं, “रेडिओवर मेना बोलली ते खोटं आहे. मी पडलो. आणि तीन वर्षं तिला मीच मागे धरलं.” त्याला वाटलं होतं, कुणीतरी शिव्या घालेल, निदान कास्पर तरी काही बोलेल. कास्परने पेल्यातल्या फेसात बघितलं. “बस रे, रोमेद,” तो हळूच म्हणाला. “टीव्ही आम्हालाही आहे.”

सगळ्या गावाला ठाऊक होतं. चेष्टा सोसली असती, ही दया सोसेना. तो बिअर न घेता घरी गेला.

जानेवारीभर रोमेद युडिटला घेऊन मोठ्या उतारावर जायचा. गुडघ्याला पट्टा बांधून तोच तिच्या मागे, डोळ्यांवर काळी पट्टी लावून, आणि ती पुढे. “झाड सांगू नकोस!” तो ओरडायचा. “तू काय करतेयस?” “वळतेय!” “मग तसं म्हण!” तो पडायचा, कपाळ फुटायचं. पट्टीमागच्या काळोखात, कुणा नवख्या पोरीच्या आवाजावर जीव टाकून जाताना, मेनाने त्याच्यावर काय टाकलं होतं ते त्याला अंगाने कळलं. फेब्रुवारीत मेना आली आणि मधून तो बाजूला झाला.

मार्चमधल्या त्या शर्यतीला तो खाली कुंपणापाशी होता, इतर बघ्यांत. मोठ्या पडद्यावर दोघी दिसत होत्या. मेना अशी येत होती की शेजारचा अनोळखी माणूस “अरे बापरे” म्हणाला. वेळ इटलीच्या जोडीपेक्षा कमी चालली होती. तिसऱ्या उतारावर युडिटचा पाय किंचित सरकला, नारिंगी बंडी तिरकी झाली, आणि अख्ख्या गर्दीचा श्वास अडकला.

त्या क्षणी रोमेदच्या मनात आलं : पडू दे.

युडिट सावरली. दोघी रेषेपलीकडे आल्या, पहिल्या. लोक नाचत होते, ट्राउडी त्याच्या गळ्यात पडून रडत होती. त्याचे हात कुंपणाच्या नळीवर थिजले होते. टाळीला ते उचललेच गेले नाहीत.

गावात पुन्हा बँड वाजला. अग्निशमन दलाच्या गाडीवर मेना आणि युडिट. दुपारी दलाच्या हॉलमध्ये जेवण होतं. रोमेदची खुर्ची मानाच्या टेबलावर मांडली होती. पण तो आपणहून आत स्वयंपाकाकडे गेला आणि कलेजीच्या गोळ्यांचं सूप वाढायला मोठा डाव हातात घेतला. निदान तोंड पातेल्याकडे राहील.

थोड्या वेळाने मेना युडिटचा दंड धरून आली. “तू जा,” ती युडिटला म्हणाली, “मला याच्याकडून वाढून घ्यायचंय.” युडिट गेली. मेनाने बशी पुढे केली. रोमेदने दोन गोळे घातले.

“तुझी खुर्ची रिकामी आहे.”

“इथे बरा आहे मी.”

“रोमेद, आता किती दिवस असा तोंड लपवत फिरणार आहेस? झालं ते झालं.”

त्याने डाव पातेल्यात सोडला. आजूबाजूला ताटांचा खणखणाट होता, बँडवाले तुताऱ्यांतली थुंकी झटकत होते. “झालं ते झालं नाही,” तो म्हणाला. “तिसऱ्या उतारावर युडिट घसरली ना.”

“जीव गेला होता माझा.”

“तेव्हा मला वाटलं, पडू दे.”

मेनाने बशी दोन्ही हातांनी धरली.

“तू मागे होतीस. तू कुठे गेली असतीस ते मला माहीत होतं. तरी वाटलं.” तो म्हणाला. “ट्राउडीलाही नाही सांगितलं.”

“बरं केलंस सांगितलंस,” मेना म्हणाली. तिचा आवाज विचित्र होता. “म्हणजे आता मलाही सांगावं लागणार.” तिने बशी चाचपत ओट्यावर ठेवली. “डिसेंबरात आपण वर उभे होतो. मी मनात म्हटलं, देवा, आज हा पडू दे. मोठं काही नको. फक्त पडू दे, म्हणजे मला याला सांगावं लागणार नाही. आणि तू पडलास.”

रोमेद पातेल्याकडून तिच्याकडे वळला.

“जाळीतून तुझं कण्हणं ऐकलं तेव्हा मला वाटलं, मीच ढकललं तुला. म्हणून रेडिओवर तसं बोलले. नाहीतर काय, मी इतकी देवमाणूस आहे होय?”

तिचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत तिला लाजेने लाल झालेलं त्याने प्रथमच पाहिलं. दोघं पातेल्याशी उभी राहिली, चोरी पकडल्यावर पोरं उभी राहतात तशी.

“अरे, सूप येतंय की वितळलेल्या बर्फाची वाट बघायची?” बाहेरून कास्पर ओरडला.

“येतंय!” मेना ओरडली. मग हळू आवाजात, “चल, वाढ. गार होईल.”

तो वाढू लागला. ती बशा एकेक करून पुढे सरकवत राहिली, शेवटची बशी जाईपर्यंत.

मेना युडिटबरोबर आणखी काही हिवाळे धावली आणि जिंकली, एकदोनदा हरलीही. रोमेदने शर्यतीत पुन्हा बंडी चढवली नाही. पुढच्या शरदात नव्या वाटाड्यांना शिकवायला माणूस हवा म्हणून संघाकडून विचारणा आली, तेव्हा त्याने साफ नाही कळवलं. लोकांपुढे उभं राहून काय सांगायचं, हा प्रश्न होता. त्याच संध्याकाळी मेनाचा फोन आला.

“तुझं नाव मी दिलंय,” ती म्हणाली. “नाही काय म्हणतोस? मला फाल्कनरला तोंड दाखवायला जागा ठेव.”

“त्यांना माझं सगळं माहीत आहे, मेना.”

“मग तुझं काम सोपं झालं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सोपं काही झालं नाही. पहिल्या दिवशी तो समोर बसलेल्यांच्या बुटांकडे बघत बोलला. पण तो गेला होता.